स्वादुपिंडातील बेटे आणि त्यांचे स्थलांतर

मधुमेह हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. रुग्णाच्या मूत्राला मधाची गोडी येते, त्याला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. रोगाचे लक्षण त्याच्या नावातच गोवलेले आहे. लक्षण असे शतकानुशतके ठाऊक होते, परंतु त्याचे मूळ शरीरात नेमके कोठे दडले आहे याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. आणि ते मूळ सापडताच, जे नासले आहे त्याच्या जागी दुसऱ्याचे निरोगी आणून लावावे, हा विचार माणसाच्या मनात जवळजवळ लगेच आला. त्या विचाराला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलांचे आईबाप धर्मग्रामात भेटतात तेव्हा पुष्कळदा विचारतात, ‘‘फादर, ऑपरेशन करून हा रोग कायमचा जातो म्हणे, खरे का?’’ या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. त्यासाठी इतिहासच सांगावा लागतो.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. उतारवयात, अंगावर मेद वाढल्यावर जडणारा आणि आपल्या घराघरांत ओळखीचा झालेला मधुमेह हा या लेखाचा विषय नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो बहुधा बालपणी वा तारुण्यात अवचित येणाऱ्या मधुमेहाचा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती, जी जंतूंशी लढण्यासाठी असते, ती आपल्याच घरातल्या पेशींवर उलटते व इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. अशा रुग्णाला बाहेरून इन्सुलिन मिळाले नाही तर तो जगत नाही.

या पेशी प्रथम पाहिल्या त्या पॉल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने. १८६९ साली बर्लिन येथे सादर केलेल्या आपल्या प्रबंधासाठी तो सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या पसाऱ्यात, समुद्रात बेटे दिसावीत तसे, निराळ्याच लहान पेशींचे पुंजके त्याला विखुरलेले दिसले. त्यांचे कार्य काय हे आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने प्रबंधात प्रांजळपणे नमूद केले. (प्रबंध लिहिणाऱ्यांच्या ठिकाणी हा गुण तेव्हाही विरळाच असावा.) पुढे क्षयाने गाठल्यामुळे तो हवापालटासाठी अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावर जाऊन राहिला. तेथे त्याने रुग्ण तपासले, समुद्रातील कृमींचा अभ्यास केला आणि १८८८ साली, वयाची एक्केचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, तो तेथेच मरण पावला. फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर लागेस यांनी १८९३ साली त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची द्वीपके’ हे नाव दिले. ज्याच्या नावाने ही बेटे ओळखली जातात त्याला स्वतःला शेवटचा निवारा एका बेटावरच मिळाला होता.

लँगरहान्सच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कार मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. तीन वर्षांनी मिंकोव्स्की यांनी, आणि फ्रान्समध्ये एमॅन्युएल एदों यांनी, असे दाखवून दिले की त्याच कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा तुकडा त्याच्या कातडीखाली लावून ठेवला तर मधुमेह होत नाही; तुकडा काढला की होतो. पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग तुटलेला असताना हे घडले, यावरून या ग्रंथीतून रक्तातच काहीतरी मिसळत असले पाहिजे हे उघड झाले.

मग माणसाचा विचार होणे अटळ होते. डिसेंबर १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील रुग्णालयात पंधरा वर्षांचा एक मधुमेही मुलगा अखेरच्या घटका मोजत होता. डॉ. वॉटसन-विल्यम्स आणि शल्यविशारद हार्संट यांनी नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तीन तुकडे त्या मुलाच्या कातडीखाली बसवले. मूत्रातील साखर किंचित उतरल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. इन्सुलिनचा शोध लागायला अजून अठ्ठावीस वर्षे होती, आणि एका प्राण्याचे मांस दुसऱ्याचे शरीर का नाकारते याची कल्पनाही कोणाला नव्हती. त्या डॉक्टरांच्या धाडसाला आज कोणी हसेल. परंतु त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी असे मूल म्हणजे काही महिन्यांचे सोबती. पुढे उपासमारीचा आहार देऊन आयुष्य थोडे लांबवण्याची पद्धत निघाली, तेव्हा मुले हाडांचे सापळे होऊन जगत व अखेर मरत.

टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, १९२१ साली इन्सुलिनचा अर्क मिळवला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते निष्फळ ठरले; टोचल्या जागी गळू मात्र झाले. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिल्यावर मुलाच्या रक्तातील साखर उतरली. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. आपल्या शोधाचे हक्क संशोधकांनी टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. आज इन्सुलिनच्या कुपीची किंमत पाहताना या डॉलरची आठवण होणे साहजिक आहे.

इन्सुलिनने काय केले हे सांगताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका कोवळ्या मुलाच्या दफनविधीला मी उभा होतो. मुळ्यांच्या औषधाने रोग मुळासकट जाईल, सुई बंद करा, असे कोणीतरी त्याच्या घरच्यांना पटवले होते. चार-पाच दिवसांत सारे आटोपले. ते लोक अडाणी नव्हते. रोज चार वेळा लेकराला टोचून कंटाळलेले होते. ‘कायमचे बरे होणे’ या शब्दांत केवढे सामर्थ्य असते आणि केवढा धोका असतो, हे मला त्या दिवशी कळले. द्वीपक-रोपणाची कथाही याच शब्दांभोवती फिरते.

कारण इन्सुलिनने रुग्ण जगू लागले तरी बरे झाले नाहीत. पंधरा-वीस वर्षांनी त्यांचे डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर ही हानी पुष्कळ टळते, असे त्यातून सिद्ध झाले. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता: अशा काटेकोर उपचारात साखर धोक्याच्या पातळीपर्यंत एकाएकी उतरण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. काही रुग्णांना तर साखर उतरत असल्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. घाम नाही, थरथर नाही. माणूस बोलता बोलता कोसळतो, झोपेत बेशुद्ध होतो. अशांच्या घरची माणसे रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना, हे पाहतात. निरोगी द्वीपक हे काम क्षणाक्षणाला स्वतःच करते: साखर चढली की इन्सुलिन सोडते, उतरली की थांबते. सुईला ही जाण नाही.

स्वादुपिंडाचे पहिले रोपण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १७ डिसेंबर १९६६ रोजी विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी केले. ती शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची. शिवाय या ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरसासाठी असतो; मधुमेहीला हवी असतात ती द्वीपके, जी तिच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. मग ग्रंथी सोडून केवळ बेटेच वेचून घेतली तर? सेंट लुइस येथील पॉल लेसी यांनी १९६७ साली उंदराच्या स्वादुपिंडातून द्वीपके अलग करण्याची रीत बसवली. पित्तनलिकेतून द्रव भरून ग्रंथी फुगवायची आणि कोलॅजिनेज नावाच्या विकराने तिचे तंतू विरघळवायचे. १९७२-७३ च्या सुमारास अशी द्वीपके लावलेले उंदीर मधुमेहातून मुक्त झाले. द्वीपके आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत सोडली तर ती यकृतात रुजतात, हेही लेसी यांच्या प्रयोगशाळेतच दिसून आले. स्वादुपिंडातील बेटे यकृतात वस्तीला जाऊ शकतात, हा त्या काळचा मोठाच आनंद होता. आता काही वर्षांचाच प्रश्न आहे, असे जाणकारांना वाटू लागले.

परंतु उंदराचे स्वादुपिंड मऊ आणि माणसाचे चिवट. १९७४ पासून मिनेसोटा येथे जॉन नाजारियन आणि डेव्हिड सदरलँड यांनी माणसांत द्वीपक-रोपण सुरू केले. इन्सुलिनमधून मात्र कोणाचीच सुटका झाली नाही. १९७७ साली याच ठिकाणी एक वेगळा प्रयोग झाला. स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाने असह्य वेदना होणाऱ्या रुग्णाची ग्रंथी काढून टाकताना त्याचीच द्वीपके त्याच्याच यकृतात सोडण्यात आली. हा मार्ग यशस्वी ठरला व आजही वापरात आहे. म्हणजे बेटे यकृतात नांदतात, काम करतात, यात शंका उरली नाही. अडचण होती ती परकेपणाची.

आणि केवळ परकेपणाचीही नव्हे. सदरलँड यांनी १९८०च्या दशकात जुळ्या भावंडांवर केलेल्या शस्त्रक्रिया या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलकी घटना आहे, असे मला वाटते. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एक मधुमेही, दुसरा निरोगी. निरोगी भावंडाने आपले अर्धे स्वादुपिंड आजारी भावंडाला दिले. दोघांची शरीरे इतकी एकरूप की अवयव नाकारला जाण्याची भीती नाही. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही दिली नाहीत. अवयव नाकारला गेला नाही. पण काही आठवड्यांत साखर पुन्हा चढू लागली. तपासून पाहता, नव्या ग्रंथीतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी, आणि नेमक्या तेवढ्याच, नष्ट झालेल्या आढळल्या. ज्या शक्तीने वर्षांपूर्वी पहिल्या पेशी मारल्या होत्या ती झोपलेली नव्हती. भावंडाने दिलेले दानही तिने ओळखून टिपले. त्या दात्यांचे काय झाले असेल, याचा विचार मनात येतो. देणाऱ्याने देहाचा अर्धा अवयव दिला होता आणि घेणाऱ्याचाच देह तो नष्ट करत होता. दोष मात्र दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

दरम्यान इटलीहून लेसी यांच्याकडे आलेल्या कामिलो रिकोर्डी यांनी १९८८ साली मानवी स्वादुपिंडातून द्वीपके वेचण्याचे यंत्र सिद्ध केले. पोलादी पात्रात ग्रंथी आणि काही गोळे ठेवायचे, विकराचा द्रव खेळवत ते पात्र हलवत राहायचे, आणि सुटी होणारी द्वीपके लगेच बाहेर काढून घ्यायची, अशी त्याची साधी रचना. माणसाच्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख द्वीपके असतात. त्यांतली निम्मी हाती लागली तरी नशीब. एवढ्या खटाटोपातून मिळणारा ऐवज एखाद-दुसरा चहाचा चमचा भरेल इतकाच. या यंत्रामुळे काही रुग्ण प्रथमच अल्प काळ इन्सुलिनशिवाय राहू शकले. तरीही १९९०च्या दशकाचा हिशोब निराशाजनकच होता: २६७ रोपणांपैकी एक वर्षाहून अधिक काळ इन्सुलिनमुक्त राहिलेले अवघे ८.२ टक्के.

यात एक विपरीत गोष्ट होती. रोपण टिकावे म्हणून जी स्टिरॉइडे दिली जात ती स्वतःच रक्तातील साखर वाढवणारी होती. राखणदारच चोर निघावा तसे. कॅनडातील एडमंटन येथे, अल्बर्टा विद्यापीठात, ब्रिटनहून आलेले तरुण शल्यविशारद जेम्स शपीरो आणि रे रॅजोट, जॉनथन लेकी, एडमंड रायन प्रभृती सहकाऱ्यांनी स्टिरॉइडे पूर्णपणे वगळली, दुसऱ्या औषधांची जुळणी केली आणि एकाच्या नव्हे तर दोन मृत दात्यांची ताजी द्वीपके एका रुग्णाला दिली. एकाला तर तिसऱ्यांदा रोपण करावे लागले. पोट उघडण्याची गरज नव्हती. बरगड्यांमधून यकृतात सुई घालून ती थेंबाथेंबाने नीलेत सोडली. मार्च १९९९ मध्ये पहिला रुग्ण झाला आणि २७ जुलै २००० रोजी निष्कर्ष छापून आले: सातही रुग्ण इन्सुलिनमुक्त. सात ही संख्या लहान. परंतु शंभर वर्षांत असे एकदाही घडले नव्हते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘मधुमेहावर इलाज सापडला’ म्हणून गाजावाजा केला.

सुमारे महिन्याने, २९ ऑगस्ट २००० रोजी, रोम येथे अवयवरोपण करणाऱ्या शल्यविशारदांची जागतिक परिषद भरली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिच्यापुढे केलेले भाषण या विषयाच्या इतिहासात बसते, म्हणून येथे नोंदवतो. विनामोबदला दिलेला अवयव हे प्रीतीचे खरे कृत्य आहे; अवयवाचा बाजार मांडणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही; दात्याची जाणीवपूर्वक संमती हवी; मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबल्याची कसोटी काटेकोरपणे लावून मृत्यू ठरवणे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या विरोधात नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मानवी भ्रूणांचा नाश करणाऱ्या मार्गांना त्यांनी नकार दिला आणि प्रौढ शरीरातील मूळ पेशींच्या संशोधनाकडे बोट दाखवले. एका रुग्णासाठी दोन मेंदूमृत दाते लागणाऱ्या उपचाराला यातला प्रत्येक मुद्दा लागू पडतो. आपल्या देशात अवयवदानाचा कायदा १९९४ साली झाला, तरीही दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकही मृत दाता मिळत नाही. या उपचाराचा आपल्याकडे विचार करताना ही अडचण प्रथम दिसते.

गाजावाजा ओसरल्यावर हिशोब पुन्हा मांडला गेला. नऊ केंद्रांतील ३६ रुग्णांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. वर्षअखेरीस १६ जण इन्सुलिनमुक्त होते. दुसऱ्या वर्षाअखेरीस त्यांतले पाचच. यकृतात सोडलेल्या द्वीपकांपैकी बरीच रक्ताशी प्रथम संपर्क येताच मरतात, उरलेली पुढे हळूहळू थकतात. तोंडात व्रण, मूत्रपिंडावर ताण, जंतुसंसर्ग, कर्करोगाची वाढलेली शक्यता, ही औषधांची किंमत रुग्णाला जन्मभर मोजावी लागते. म्हणून ज्याची साखर इंजेक्शनांनी बऱ्यापैकी ताब्यात राहते त्याला, आणि मुलांना तर विशेषच, हा उपचार सुचवला जात नाही. सुईचे ओझे उतरवून त्याहून जड ओझे देण्यात शहाणपण नाही. आईबापांना हे ऐकणे कठीण जाते. तरी सांगावे लागते.

मग हे सारे व्यर्थ का? तसे म्हणवत नाही. संशोधकांनी प्रश्नच बदलला, आणि माझ्या मते या इतिहासातील खरे शहाणपण येथे आहे. ‘इन्सुलिन सुटले का?’ याऐवजी ‘माणूस बेशुद्ध पडायचा थांबला का?’ असे ते विचारू लागले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत ४८ रुग्ण होते, सगळे पूर्वसूचनेविना साखर उतरणारे. वर्षाअखेर त्यांच्यापैकी ८७.५ टक्के जणांची साखर ताब्यात होती आणि जीवघेणा प्रसंग आला नव्हता. इन्सुलिन सुटले होते ते जेमतेम निम्म्यांचे. थोडीशीच द्वीपके जिवंत राहिली तरी ती सूचना देतात, आवर घालतात. रात्री उठून श्वास पाहणाऱ्या घरच्यांना झोप लागते. अशाच रुग्णांसाठी ब्रिटनने २००८ पासून हा उपचार सरकारी खर्चाने सुरू केला. अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळायला २८ जून २०२३ उजाडले. तेथे ज्या ३० रुग्णांच्या आधारे मान्यता मिळाली त्यांतील २१ जण वर्षभर वा अधिक काळ इन्सुलिनमुक्त राहिले, पाच जण एकही दिवस नाही.

जपानमध्ये मृत दाते फार थोडे. तेथे क्योतो विद्यापीठात जानेवारी २००५ मध्ये छप्पन्न वर्षांच्या आईच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग काढून त्यातील द्वीपके तिच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला देण्यात आली. मुलीचा मधुमेह स्वादुपिंडाच्या जुन्या दाहातून आलेला होता, म्हणून मिनेसोटाच्या जुळ्यांची आपत्ती येथे ओढवण्याचे कारण नव्हते. बाविसाव्या दिवशी तिचे इन्सुलिन थांबले. परंतु निरोगी आईचा अर्धा अवयव काढण्यात तिलाच मधुमेह होण्याचा धोका असतो, आणि हा मार्ग पुढे फारसा रुळला नाही.

दात्यांचा तुटवडा संपवायचा तर पेशी प्रयोगशाळेत वाढवायला हव्यात. त्या दिशेने गेल्या काही वर्षांत वेगाने पावले पडली. चीनमधील त्यानजिन येथे २०२३ साली एका तरुणीच्या स्वतःच्याच शरीरातील पेशींना रसायनांनी मूळ अवस्थेत नेऊन त्यांची द्वीपके बनवण्यात आली व पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवण्यात आली. ७५ दिवसांनी तिचे इन्सुलिन सुटले. या मार्गात भ्रूणाचा प्रश्नच येत नाही. तिला पूर्वीच्या रोपणामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आधीपासून चालू होती, हे मात्र बातम्यांत बहुधा गाळले गेले. अमेरिकेत मूळ पेशींपासून वाढवलेली द्वीपके पूर्ण मात्रेत दिलेल्या बारा जणांपैकी दहा जण वर्षाअखेर इन्सुलिनमुक्त होते, असे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे त्यांनाही घ्यावी लागतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वीडनमधील उप्साला येथून आणखी एक वृत्त आले. एका मृत दात्याच्या द्वीपकांतील जनुकांत असा बदल केला गेला की घेणाऱ्याच्या प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखू येऊ नयेत. मग ती एका मधुमेही पुरुषाच्या हाताच्या स्नायूत टोचली गेली. प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध त्याला दिले नाही. बारा आठवड्यांनी पाहिले तेव्हा ती जिवंत होती आणि इन्सुलिन सोडत होती. टोचलेल्या पेशी मुद्दामच थोड्या ठेवल्या होत्या. त्यामुळे त्या माणसाला इन्सुलिनची इंजेक्शने पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावी लागली.